दादाचं ट्यूबवालं हेड

दादाच्या मते दोष त्याच्या कानांचा नव्हताच. दोष हेडचा होता.

हे त्याने आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की भाजीत मीठ कमी पडलं तरी आई म्हणायची, "हेडचा दोष." त्याला ते ऐकू जायचं नाही. आम्ही हसतोय एवढं दिसायचं, म्हणून तोही हसायचा. त्या हसण्याची आता लाज वाटते, पण तेव्हा घरात हसायला दुसरं फारसं काही नव्हतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कोपरखैरण्याच्या गावठाणात आई आणि वहिनीबरोबर राहतो. दिवसा तुर्भ्याच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर आणि लग्नसराईत हळदीच्या पार्टीत, म्हणजे हळदीला वाजवणाऱ्या बँडमध्ये, बास गिटारवर. आम्हा आगरी लोकांत लग्नाला उशिरा पोचलं तर चालतं, हळद चुकवून चालत नाही. सगळा गाव नाचतो. पुढे बेंजो, कीबोर्ड, ढोलकी आणि या सगळ्यांच्या मागे, स्पीकरांच्या भिंतीला जवळजवळ टेकून, दादा. बासवाल्याकडे कोणी बघत नाही. नवऱ्याचा मामा नाचत येतो आणि ढोलकीवाल्याच्या खिशात नोट खोचतो, बासवाल्याच्या कधीच नाही. पण बास थांबला की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. हे दादाचं म्हणणं, आणि एकदा त्याची तार तुटली तेव्हा मी ते स्वतः पाहिलेलं आहे.

हेड म्हणजे काय हे मलाही पूर्वी माहीत नव्हतं. गिटारची वायर ज्या डब्यात जाते तो डबा म्हणजे हेड. त्याच्यात स्पीकर नसतो. स्पीकर वेगळ्या मोठ्या बॉक्समध्ये असतात आणि हेडच्या पाठीमागून एक वायर त्या बॉक्सला जाते. दादाचं हेड साधं, हलकं, पार्टीतल्या सगळ्यांकडे असतं तसं. त्यातून येणारा आवाज त्याला हळूहळू कमी येऊ लागला आणि त्याने सरळ हेडलाच दोषी धरलं.

वाशीच्या कानाच्या डॉक्टरांकडे मीच त्याला नेलं. वहिनीचा फोन आला होता, की कुकरच्या शिट्ट्या त्याला ऐकू येत नाहीत. डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, आलेख काढला आणि मला आत बोलावून समजावलं. मशीन आणि स्पीकर, दोघांनी मिळून कान खाल्ले होते. उंच स्वर गेलेच होते, खालचेही जाऊ लागले होते. कानात घालायचं यंत्र द्या, पण अपेक्षा फार ठेवू नका, असं ते म्हणाले. मी बाहेर येऊन मोबाइलवर सगळं टाइप करून दादाला दाखवलं. त्याने नीट वाचलं.

"म्हंजे खर्ज हाय अजून," तो म्हणाला. "मंग झाला. मना खर्जच लागतो."

त्याचा आवाज तोवर चढा झाला होता. सगळा दवाखाना वळून बघत होता. मला त्याचा राग आला, आणि त्या बघणाऱ्यांचा त्याहून जास्त आला.

यंत्र त्याने घेतलं, पण वाजवताना ते शिट्टी मारायचं म्हणून काढून ठेवायचा. मग गणपतीच्या आधी पार्टीचे मालक घरी आले. चांगला माणूस. दादा आणि ते एका शाळेतले. दादा कामावर आहे हे बघूनच आले होते. चहा पुढ्यात तसाच ठेवून म्हणाले, "बास तालाच्या मागं ऱ्हातो आता. पोरं बोलतात मना. तुलशीचं लगीन होईपर्यंत मी थांबतो. मंग कीबोर्डवाला डाव्या हातानं बास मारंल."

वहिनीने हे दादाला सांगितलं नाही. मीही नाही. पण त्याला कळलं होतं. ऐकू न येणाऱ्या माणसाला तोंडं वाचता येतात. त्या आठवड्यातच त्याने मला मोबाइलवर एका हेडचा फोटो पाठवला. लोखंडी जाळीच्या मागे काचेच्या नळ्या, म्हणजे ट्यूब, तांबूस पेटलेल्या. जुन्या रेडिओत असायच्या तशा. खाली लिहिलं होतं, "हे पाहिजे."

तरुणपणी वाशीच्या एका कॉलेजच्या कार्यक्रमात दुसऱ्या कुणाच्या तरी ट्यूबच्या हेडवर तो एकदा वाजवून आला होता. एकच गाणं. त्याबद्दल तो इतकी वर्षं बोलत होता, की आमच्या घरात कुणाच्या लग्नाबद्दलही एवढं बोललं गेलं नसेल. "त्यो आवाज कानान नाय येत," तो सांगायचा, "त्यो पोटान येतो." आता त्याचं ठरलं होतं, की ट्यूबचं हेड आलं की त्याला ऐकू येईल, बास मागे राहणार नाही आणि मालकही गप्प बसतील. मी डॉक्टरांचा आलेख पाहिलेला होता. तरी मी हो म्हटलं. नाही म्हणायचं तर का नाही ते सांगावं लागलं असतं.

शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण फोनवर बोलणं त्याला शक्य नव्हतं. मी न्हावा शेव्याच्या बंदरावर एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काम करते. मालाचे कागद, ड्यूटी, शिक्के. त्यामुळे बाहेरून मागवायचं तर किती पडेल हे मला दुकानदाराआधी कळलं, आणि तो विषय तिथेच संपला. टेबलाशेजारचा सहकारी म्हणाला, "मॅडम, एखादा कंटेनर चुकून उघडा राहिला तर बघू." मी त्याला त्या दिवशी डब्यातलं काही दिलं नाही.

मग महिनाभर मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फोन करत बसले. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण चौकशी करण्यात मी कुणाला हार जात नाही. हळूहळू कळत गेलं. ट्यूबची हेडं बाजारात दिसतात ती बहुतेक साध्या गिटारची, त्यांच्यावर बास वाजवला तर पोट नसलेला आवाज येतो. बासचं ट्यूबचं हेड दुर्मीळ आणि भरलेल्या सिलिंडरएवढं जड. अमेरिकेहून आलेलं असेल तर आपल्या विजेवर चालवायला आणखी एक डबा जोडावा लागतो. नळ्या झिजतात, त्या बदलता येतात. पण आतला मोठा ट्रान्सफॉर्मर गेला तर हेड गेल्यातच जमा. हे सगळं मी रोज संध्याकाळी दादाला टाइप करून पाठवायची आणि तो फक्त एक अंगठा पाठवायचा, कारण त्याला ते सगळं आधीच माहीत होतं.

वाशीच्या एका दुकानात बजेटमध्ये बसणारं एक हेड होतं. नवं, हलकं, पुढे छोटी काच आणि आत एक ट्यूब. विकणारा मुलगा दादाच्या कानात ओरडून गुण सांगत होता. दादाने बॉक्सला गुडघा टेकवून थोडं वाजवलं, मग काचेला डोळा लावून आत बघितलं.

"ट्यूब एक, आनि मागं बल्ब लावलाय," तो म्हणाला. "शोभेचा."

मुलगा ओशाळला. मला मात्र वाईट वाटलं, कारण मी घरून निघतानाच ठरवलं होतं की हेच घेऊन टाकू, दिसायला तसंच आहे. तो आवाजाने फसला नसता असं आता म्हणवत नाही. डोळ्यांनी फसला नाही, एवढं खरं.

शेवटी नेरुळला एक गृहस्थ मिळाले. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, पांढऱ्या केसांची पोनी बांधलेले. कधीकाळी त्यांचा इंग्रजी गाण्यांचा बँड होता. तो कधीच फुटला, हेड राहिलं. त्यांच्या बेडरूमच्या कोपऱ्यात चादरीखाली, आणि चादरीवर इस्त्रीचे कपडे. खऱ्या नळ्या, सगळ्याच्या सगळ्या. किंमत आमच्या आवाक्याच्या थोडी वर होती. दादाकडे बघितल्यावर ती त्यांनी आपणहून खाली आणली.

त्यांनी हेड लावलं. आधी एक खटका. नळ्या हळूहळू तापून लाल झाल्या. मग दुसरा खटका. दादाने स्वतःचा बास नेला होता. तो वाजवायला लागला आणि लगेच त्याने आवाज वाढवायची खूण केली. ते गृहस्थ कावरेबावरे झाले. "सोसायटी आहे हो. वरच्या मजल्यावर लहान बाळ आहे. एवढ्यावरच ऐका." तेवढ्यावर मलासुद्धा जेमतेम ऐकू येत होतं. पण जे येत होतं ते वेगळं होतं, हे मलाही कळलं. जाड, उबदार. जुन्या हेडचा आवाज त्याच्यापुढे पत्र्यासारखा.

"आयकू येतंय?" मी खुणेने विचारलं.

त्याने तळहात हलवला. थोडंसं. मग म्हणाला, "घरी मोठा लावू, मंग कलेल."

निघताना त्या गृहस्थांनी मला बजावलं, "एक लक्षात ठेवा. स्पीकरचा बॉक्स जोडल्याशिवाय हे कधीही वाजवायचं नाही. ट्रान्सफॉर्मर जळतो." मी ते दादाला टाइप करून दाखवलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला चालायला शिकवतेय.

हेड घरी आलं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दादाला लगेच लावायचं होतं, पण आई आडवी आली. नवी वस्तू, उद्या दसरा, पूजेआधी हात लावायचा नाही. शिवाय बॉक्स घणसोलीला पार्टीच्या गाळ्यात होता, तो चुलतभाऊ सकाळी टेम्पोतून आणणार होता.

आमच्याकडे दसऱ्याला अवजारांची पूजा होते तशी पार्टीवाल्यांकडे वाद्यांची. एक रीत मात्र खास आहे. पूजा झाली की वाद्य लगेच वाजवायचं, मगच प्रसाद. मुकं वाद्य पुजलं तर वर्षभर सुपारी येत नाही म्हणतात. पार्टीची आणखीही एक पद्धत आहे आणि ती देवाधर्माची नाही, कामाची आहे. जो बॉक्स उचलून आणतो, त्यानेच हेडची वायर बॉक्सला जोडायची. वाजवणारा मागे बघत नाही, तो फक्त पुढे गिटार लावतो. इतकी वर्षं दादाने हेडच्या पाठीमागे कधी वाकून बघितलं नव्हतं.

मी दसऱ्याला सकाळी पोचले तेव्हा दादा अंघोळीला गेला होता. वहिनीने हॉलच्या भिंतीला लागून पूजा मांडली होती. हेडला झेंडूचा हार, हळदकुंकू, आणि खाली जमिनीपर्यंत सोडलेला तिचा लग्नातला शालू. हेड छातीच्या उंचीवर होतं. शालूखाली बॉक्स आहे असंच कुणालाही वाटलं असतं. मला वाटलं. नवा कोरा सदरा घालून दादा बाहेर आला, त्यालाही वाटलं.

पार्टीचे मालक आपट्याची पानं घेऊन आले होते. ते सोफ्याच्या टोकाला बसले. आईने ओवाळलं. वहिनी म्हणाली, दिवे लागलेले दिसू देत, आणि दादाने पहिला खटका दाबला. नळ्या पेटल्या. सकाळच्या उजेडातही त्या सुंदर दिसत होत्या. आईने त्यांना हात जोडले. दादाने बास गळ्यात घातला, वायर पुढून लावली, दुसरा खटका दाबला आणि डोळे मिटून वाजवू लागला.

आवाज आला नाही.

म्हणजे हेडच्या पोटातून बारीक, डबीत माशी अडकावी तशी गुणगुण येत होती. बस. बोटं तर हळदीत चालायची तशीच चालली होती. दादाने डोळे न उघडता बटण फिरवलं. आणखी फिरवलं. मग त्याचा चेहरा बदलला. इतक्या दिवसांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. कपाळावरची आठी गेली, तोंड थोडं उघडलं.

"आयकू येतंय!" तो ओरडला. "आई, मना आयकू येतंय! हाच त्यो आवाज!"

आईने पदर डोळ्यांना लावला. तिला वाटलं असेल, ऐकू न येणारी आता तीच. वहिनी आधी हसली, मग तिने माझ्याकडे बघितलं. मालक खाली, हातातल्या पानांकडे बघत होते.

मला वाटलं वायर निघाली असेल. मी बाजूने हात घालून हेडची पाठ चाचपली. वायर निघालेली नव्हती, तिथे वायरच नव्हती. मी शालू उचलला. खाली दोन लोखंडी ट्रंका, एकावर एक. टेम्पो अजून आलाच नव्हता आणि हेड जमिनीवर ठेवायचं नाही म्हणून वहिनीने ती व्यवस्था केली होती. तिच्या दृष्टीने दिवे लागतात ते मशीन, आणि बॉक्स म्हणजे नुसतं स्टँड. तिला कुणी काय सांगणार होतं?

दादा वाजवत होता. एका नळीच्या आत निळसर काहीतरी लवलवलं आणि जळका वास आला. मी भिंतीवरचं बटण बंद केलं. नळ्या विझत गेल्या. गुणगुणही थांबली. खोलीत आता फक्त तारांवर बोटं आपटल्याची टकटक होती, आणि दादा मान डोलावत वाजवतच होता. त्याला थांबव, असं कुणीच मला म्हणालं नाही. मी थांबवलंही नाही. पुढे होऊन त्याच्या खांद्याला हात लावणं मला जमलं नाही, जमणारही नव्हतं.

दारातून चुलतभाऊ आणि टेम्पोवाला धापा टाकत बॉक्स घेऊन आले आणि त्यांनी तो धपकन खाली ठेवला. तो धक्का फरशीतून दादाच्या अनवाणी पायांना लागला. त्याने डोळे उघडले. दारातला बॉक्स बघितला. विझलेल्या नळ्या बघितल्या. शालूचं टोक अजून माझ्या हातात होतं, खालच्या ट्रंका त्याला दिसल्या. विचारायला काही उरलंच नव्हतं, आमच्यातलं त्या डब्याबद्दल सगळं कळणारा तोच एक होता.

त्याने बास गळ्यातून काढला आणि दिवाणावर नीट आडवा ठेवला. मालक उठले. आपट्याचं पान दादाच्या हातात दिलं, त्याला मिठी मारली आणि प्रसाद न घेता गेले. तुळशीच्या लग्नानंतर पार्टी सुरू झाली तेव्हा कीबोर्डवाला डाव्या हाताने बास वाजवू लागला. कुणाचे पाय अडखळले नाहीत, असं चुलतभाऊ म्हणाला. वहिनी कितीतरी दिवस शालू दिसला की रडायची. तिला आम्ही सगळ्यांनी समजावलं. दादाने तर स्वतः समजावलं, "तुझा काय दोष, टेम्पो लेट झाला."

हेडचा ट्रान्सफॉर्मर जळला होता. मी ते ठाण्याला एका कारागिराकडे टाकलं. त्याने आतली तार पुन्हा गुंडाळून द्यायला बराच काळ लावला. परत आणलं तेव्हा मी स्वतः बॉक्स जोडला, दोनदा तपासला, आणि दादा घरात नसताना तार छेडून बघितली. खिडकीच्या काचा थरथरल्या. नेरुळला ऐकलेला तोच आवाज, पण पूर्ण. जाड, मऊ, पायांतून वर चढणारा. मला काही कळत नाही गाण्यातलं, तरी मी खाली बसले.

दादा कामावरून आला. मी त्याला हेड दाखवलं, बॉक्स दाखवला, वायर हाताने ओढून दाखवली. खटक्याकडे बोट केलं. तो हात-पाय धुऊन आला आणि माझ्या शेजारी बसला.

"नको," तो म्हणाला.

मी मोबाइल काढून टाइप करू लागले, तसा त्याने माझा हात धरला. आणि त्या दिवसांत कधी बोलायचा नाही इतक्या हळू बोलला, मला पुढे वाकावं लागलं.

"एकदा आयकलाय मी त्याला. आता लावला आनि नाय आयकू आला, तं त्यो पन जायल."